खंजिरीची हाक



गाण्याने माणसे जोडली जातात, असे आपण नेहमी म्हणतो. ते एकदा तपासून पाहिले पाहिजे. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशाचे गायक आल्फा ब्लॉन्डी यांनी जमैका बेटावरचा रेगे हा गायनप्रकार उचलला आणि फ्रेंच, इंग्रजी व आपली द्यूला या भाषांत तो गायिला. १९८६ साली 'जेरुसलेम' या गीतातून ज्यू, ख्रिस्ती व मुसलमान यांना त्यांनी एकोप्याची हाक दिली. तरीही २००२ साली त्यांच्याच देशात यादवी पेटली. मग गाणे व्यर्थ गेले काय?

उत्तरासाठी आफ्रिकेत जावयास नको. यावलीस १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज चिमूरकडच्या रानात राहिले आणि खंजिरी घेऊन आपल्या या चांदा मुलखात गायिले. एक लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, बाजूला चकत्या. एवढेच ते वाद्य. ते हाती धरावयास ना पैसा लागतो, ना जात. त्याच ठेक्यावर त्यांनी मराठी भजनही म्हटले आणि हिंदीही. एकाच सतरंजीवर दोहोंना टाळी मिळाली. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर पेटून उठले, तेव्हा सरकारने महाराजांना धरून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. भजनाचे बळ इंग्रजालाही कळले होते!

पण महाराज भजनापाशी थांबले नाहीत. सामुदायिक प्रार्थनेत त्यांनी सर्व धर्मांच्या माणसांना शेजारी शेजारी बसविले. १९५५ च्या 'ग्रामगीते'त गावची सफाईसुद्धा ओवीतूनच सांगितली. गाणे हाक देते. ओ हातांनी द्यावयाची असते. ती दिली नाही, तर दोष गाण्याचा नव्हे.

आता आमच्याच पदरची उणीव सांगतो. महाराजांची रचना मराठीत व हिंदीत आहे. गडचिरोलीच्या रानात मात्र गोंडी व माडिया बोलणारी माणसे ढोलाच्या तालावर रेला गातात. आम्ही शहरवासी तो समारंभात पाहतो, टाळ्या वाजवितो आणि त्यातला एक शब्दही न समजता घरी परततो. त्यांनी आमची मराठी शिकून घेतली. आम्ही त्यांचे काय शिकलो?

एखाद्या वसंतात या व्यासपीठावर माडिया गायक वक्ता म्हणून बसावा, आणि आम्ही समोर बसून त्याच्याकडून अर्थ समजून घ्यावा. खंजिरीच्या हाकेला तेवढी ओ आम्ही देणे लागतो.