पाया खणण्याआधी



गोदाकाठच्या या व्यासपीठावर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने होतात. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर रात्री झाले आणि दिवसाचे बांधकामावर. आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे बांधकाम मजुरांची संघटना चालविण्यात गेली. अशा माणसाने पुरातत्त्वावर का बोलावे, असे आपणांस वाटले असेल. याचे उत्तर सोपे आहे. शहराच्या पोटात काय दडले आहे, हे सर्वांत आधी कोणाला दिसते? प्राध्यापकाला नव्हे, इंजिनिअरलाही नव्हे. ते दिसते टिकाव मारणाऱ्या बिगाऱ्याला. आता टिकावाच्या जागी यंत्र आले आहे, तरी यंत्रासमोर खड्ड्यात उभा राहणारा माणूस आमचाच आहे.

प्रारंभी आमचा एक अपराध सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका नदीकाठच्या गावी, जुन्या वाड्याच्या जागेवर इमारतीचा पाया खणला जात होता. बारा फुटांवर भाजलेल्या मातीचे एक मोठे कडे लागले. त्याच्याखाली दुसरे, त्याखाली तिसरे. ती जुन्या काळची कड्यांची विहीर होती. बातमी बाहेर गेली, कोणी अर्ज केला, काम थांबले. सतरा दिवस थांबले. मालकाचे व्याज चढले, कंत्राटदाराची मुदत वाढली. पण रोजंदारीच्या माणसाची हजेरीच लागली नाही. सतरा दिवस चुली कशा पेटल्या, ते आम्ही पाहिले. त्यानंतर आमच्या सभेत एका बाईने विचारले, “पुढच्या वेळी असे काही लागले तर काय करायचे?” आम्ही म्हणालो, “घमेल्यात भरा आणि भरावात टाका. तोंड उघडू नका.”

आमच्या माणसांनी तो सल्ला पाळला. त्यापायी किती खापरे, किती नाणी राडारोड्यात गेली असतील, याचा हिशेब आता कोणी मांडू शकत नाही. तो सल्ला देताना आम्हांला वाटत होते, की आम्ही मजुराची बाजू घेत आहोत. तो प्रश्न कसा चुकीचा मांडला होता, हे आम्हांला फार उशिरा आणि फार दूरच्या एका शहराची हकिकत वाचून कळले.

ते शहर म्हणजे लंडन. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने तेथील जुना भाग जमीनदोस्त झाला. नव्या इमारती उठण्याआधी खाली काय आहे ते पाहावे, म्हणून ग्राइम्स नावाच्या पुरातत्त्वज्ञाने ठिकठिकाणी चर खणले. वॉलब्रुक नावाचा एक ओढा पूर्वी तेथून वाहत असे. त्याच्या काठी खणलेल्या चरात रोमन काळातील भिंती लागल्या. १९५४ च्या सप्टेंबरात, उत्खनन संपत आले असताना, मित्रदेवाचे संगमरवरी मस्तक निघाले. लोक हजारोंनी रांगा लावून पाहावयास आले. प्रश्न थेट मंत्रिमंडळापर्यंत गेला. परंतु इमारतीचा नकाशा पक्का झालेला, पैसा गुंतलेला. तहान लागल्यावर विहीर खणावी, तसा तो सारा प्रकार. शेवटी देवळाचे दगड काढून घेतले आणि १९६२ साली ते थोड्या अंतरावर, उघड्यावर, सिमेंटात पुन्हा उभे केले.

१९८९ साली तोच प्रसंग पुन्हा आला. थेम्स नदीच्या दक्षिण काठावर एका कचेरीच्या इमारतीसाठी खणताना १५८७ साली बांधलेल्या ‘रोझ’ नाटकगृहाचा पाया सापडला. नटनट्या आणि सामान्य नागरिक तेथे ठाण मांडून बसले. अखेर इमारतीचा आराखडा बदलावा लागला आणि अवशेषांना खाली ठेवून वर इमारत उचलली गेली. या गोंधळाने सगळ्यांनाच शहाणे केले. १९९० च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या सरकारने नियोजनासाठी एक मार्गदर्शक टिपण काढले. त्याचा मथितार्थ असा, की जमिनीखाली काय असण्याचा संभव आहे ते परवानगी देण्यापूर्वीच पाहावे. आणि जो बांधून नफा मिळविणार, त्यानेच त्या पाहणीचा खर्च सोसावा.

ही पाहणी म्हणजे काय? आम्हांला वाटले होते, मोठी यंत्रे आणि अगम्य विद्या असेल. तसे नाही. पहिली पायरी टेबलावरची. जुने नकाशे, मोजणीची कागदपत्रे, गॅझेटिअर, आजूबाजूला पूर्वी काय सापडले त्याच्या नोंदी आणि जागेचे जुने नाव, हे सारे एकत्र मांडावयाचे. दुसरी पायरी, पूर्वी काय नष्ट झाले ते पाहणे. जेथे आधीच खोल तळघर होऊन गेले, तेथे फारसे उरलेले नसते. जेथे केवळ अंगण होते, तेथे थर शाबूत असतात. तिसरी पायरी तर जवळजवळ फुकटची आहे. इमारतीचा भार पेलेल की नाही हे पाहण्यासाठी इंजिनिअर बोअर घेतोच. त्यातून निघालेल्या मातीत राख, कोळसा, विटेचे तुकडे, काळा गाळ किती खोलीवर आहे, हे जाणत्या माणसाला दाखवावे. चौथी पायरी, मोजक्या ठिकाणी लहान चर खणून खात्री करणे. आणि मग निर्णय. पाइल सरकवावयाचे, तळघर कमी खोल करावयाचे, अवशेष तसेच खाली झाकून ठेवावयाचे, की मुदत आणि पैसा राखून पद्धतशीर उत्खनन करावयाचे? किंवा काहीच नाही, खुशाल बांधा! ‘काही नाही’ हेही एक उत्तर आहे, आणि ते आधी मिळाले तर मालकाच्याही हिताचे आहे.

वॉलब्रुकची गोष्ट येथे संपत नाही. १९५४ नंतर उठलेली ती इमारतही पुढे पाडली गेली. २०१० ते २०१४ या काळात तेथे पुन्हा उत्खनन झाले. या वेळी ते बांधकामाच्या वेळापत्रकातच धरलेले होते. ओढ्याच्या ओल्या गाळात लाकूड कुजत नाही. त्या गाळातून ४०५ लाकडी लेखनपट्टिका निघाल्या. पट्टीवर मेण लावून त्यावर टोकदार सळईने लिहीत. मेण गेले, पण काहींच्या लाकडावर ओरखडे राहिले. त्यांतील एकीवर इसवी सन ५७ च्या ८ जानेवारीची तारीख आहे. तिच्यावर राजाची प्रशस्ती नाही, देवाची स्तुतीही नाही. टिबुलस नावाचा मुक्त झालेला गुलाम ग्रेटस नावाच्या दुसऱ्या मुक्त गुलामाला लिहून देतो, की मिळालेल्या मालापोटी मी तुझे १०५ दिनार देणे लागतो.

हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. मालकीतून सुटलेली दोन माणसे, एक हातउसनवारीचा कागद! अशी माणसे इतिहासाच्या पुस्तकात कोठे असतात? राजांचे शिलालेख डोंगरावर टिकतात. आमच्यासारख्यांचा इतिहास शहराच्या पायाखालच्या चिखलातच असतो. आणि आम्ही आमच्याच माणसांना सांगितले होते, भरावात टाका!

आपल्याकडे काय स्थिती आहे? १९५८ चा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. हे चांगलेच झाले. परंतु तो कायदा जे जाहीर झाले आहे, त्याची राखण करतो. जे अजून कोणी पाहिलेच नाही, त्याच्यासाठी १८७८ चा निधीचा कायदा. तो सापडणाऱ्याने कलेक्टरास कळवावे म्हणतो. कळविल्यावर त्याच्या बुडालेल्या रोजाचे काय, हे तो सांगत नाही.

आणि ही विद्या आपणांस परकी आहे काय? आपला शेतकरी काळी आणि पांढरी हा भेद पिढ्यानपिढ्या जाणतो. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. येथल्याच मातीच्या गढीवर १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी उत्खनन करून या शहराच्या वस्तीचे थर उलगडून दाखविले. म्हणजे नाशिकच्या गावठाणात खाली काही असण्याचा संभव आहे, हे आपणांस ठाऊक आहे. ठाऊक असून न पाहणे, याला अज्ञान म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल, लोकांना घरे हवीत, हाताला काम हवे. खापरांचे काय घेऊन बसलात? पोटापेक्षा खापर मोठे नाही, हे आम्हांला कोणी शिकवू नये. परंतु काम थांबते ते खापरामुळे नव्हे, आधी न पाहिल्यामुळे. आधी पाहिले तर उत्खननाचे दिवस वेळापत्रकात बसतात, त्यांचा खर्च अंदाजपत्रकात बसतो. न पाहिले तर ते दिवस मजुराच्या चुलीतून वसूल होतात.

म्हणून आमच्या मागण्या तीन. एक, जुन्या गावठाणात परवानगी देताना नगरपालिका-महानगरपालिकांनी टेबलावरची पाहणी सक्तीची करावी आणि बोअरची माती पुरातत्त्वाच्या जाणत्याला दाखवावी. दोन, काही सापडून काम थांबले तर त्या दिवसांची मजुरी कंत्राटातच लिहिलेली असावी. तीन, ज्याच्या हाताला वस्तू लागली त्याचे नाव नोंदवहीत लिहिले जावे. त्याच्यावर चोरीचा संशय घेऊ नये.

त्या बाईने विचारलेला प्रश्न अजून आमच्यापाशी आहे. गेली काही वर्षे सभांतून आम्ही त्याचे वेगळे उत्तर देतो: हात थांबवा, मुकादमाला सांगा, युनियनला कळवा. पण तो रोज भरून देण्याची हमी युनियन एकटी देऊ शकत नाही. ती आपण, या शहराच्या नागरिकांनी, द्यावयाची आहे. तोवर आमचे नवे उत्तर अर्धेच राहील.