पहिल्या टाकीतले मासे



घरात माशांची टाकी असावी असं पुष्कळांना वाटतं. टाकी येते, खडी येते, प्लॅस्टिकची झाडं येतात आणि त्याच संध्याकाळी पिशवीतून दहा-बारा रंगीत मासेही येतात. पंधरा दिवसांत त्यातले निम्मे मरतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘जाऊ दे, घरावरचं संकट त्यानं आपल्या अंगावर घेतलं.’’ रडणाऱ्या मुलाची समजूत घालायला हे ठीक आहे. पण त्यामुळे खरं कारण शोधायचं राहून जातं आणि पुढच्या रविवारी तेवढेच मासे पुन्हा आणले जातात. पुष्कळदा त्या माशांचं मरण आपण मासे निवडतानाच ठरवलेलं असतं. ते टाळायचं कसं, एवढंच आज बोलू या.

पहिली गोष्ट म्हणजे घाई नको. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. माशांना तो विषासारखा. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानानं बरंच सौम्य असं नायट्रेट करतात. नव्या टाकीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं, तरी हे जिवाणू तिथे पुरेसे नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लावतो, तसा एखाद्या ओळखीच्या घरच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज आपल्या फिल्टरमध्ये ठेवला, तर हे काम लवकर होतं. मासे आणेपर्यंत रोज चिमूटभर खाणं टाकीत टाका, म्हणजे जिवाणूंना खाद्य मिळेल. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे संच दुकानात मिळतात. दोन्ही शून्यावर आले की मासे आणायला निघा.

निघण्यापूर्वी आपल्या नळाला कसलं पाणी येतं, ते पाहा. मुंबईला तलावांचं पाणी येतं, ते मऊ असतं. पठारावरच्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बादलीला पांढरा थर धरतो ते. जड पाणी गप्पी, प्लॅटी, मॉली यांना मानवतं. मऊ पाण्यात टेट्रा खुलतात. पाणी बदलण्याची खटपट करण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा आणणं केव्हाही सोपं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र औषध घालून काढून टाकायलाच हवं.

आता दुकानात उभे राहिलो की विचारायचा प्रश्न एकच : हा मासा मोठा झाल्यावर केवढा होईल? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत खडी वगैरे वजा जाता पाणी मावतं पन्नास लिटरच्या आत. गोल्डफिश पिशवीत दीड इंचाचा दिसतो, पण तो चांगला वीतभर वाढू शकतो आणि घाणही भरपूर करतो. वास्तूसाठी म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश या टाकीत सोडले, तर ते वाढू लागताच श्वासाला मोताद होतात. काचेच्या गोल भांड्याचं तर नावच नको. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फूटभराहून मोठा होतो. तो शेवाळ खातो, पण इतर माशांची विष्ठा साफ करत नाही. उलट स्वतःची भर घालतो.

मग घ्यावं काय? नवशिक्यासाठी झेब्रा उत्तम. हा आपल्याच उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो चपळ आणि काटक आहे, मऊ किंवा मध्यम जड पाण्यात रमतो, थोडी थंडीही सोसतो. पण तो थव्यानं राहणारा आहे. दोन आणू नका, सहा आणा. जड पाणी असेल तर गप्पी आणा, पण फक्त नर. मादी साधारण दर महिन्याला पिलं घालते, आणि नर जवळ नसला तरी आधीच्या मिलनावर कित्येक महिने घालत राहते. फायटर हवा असेल तर छोट्या वेगळ्या टाकीत एकटाच ठेवा. त्याला वरची हवा घेता येते, म्हणून वीज गेली तरी तो लगेच गुदमरत नाही. पण त्याला कोमट पाणी लागतं आणि दोन नर एकत्र आले की झुंज ठरलेली. टायगर बार्ब दिसायला देखणा, पण लांब पंखांच्या माशांचे पंख कुरतडतो.

पसंत पडलेल्या माशाला दुकानदाराला थोडं खाणं टाकायला सांगा. खाण्यावर झडप घालतो तो घ्या. अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके, अंगाला चिकटलेले पंख, किंवा टाकीत एखादा मेलेला मासा दिसला, तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नका. पहिल्या खेपेला पाच-सहाच मासे आणा. दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं, तर पुढचे आणा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मासा नकोसा झाला किंवा टाकीत मावेनासा झाला, की लोक तो ‘जीवदान’ म्हणून नदीत किंवा तळ्यात सोडतात. सकर हा दक्षिण अमेरिकेतला मासा. २०२० मध्ये तो वाराणसीजवळ गंगेत सापडला. देशातल्या इतरही अनेक नद्या-तलावांत आता तो आहे. तो मच्छीमारांची जाळी फाडतो आणि स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतो. म्हणून नकोसा मासा दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. पण नदीत सोडू नका.

पहिला महिनाभर घरातली मुलं रोज विचारतील, ‘‘मासे कधी आणायचे?’’ त्यांना रोज चिमूटभर खाणं टाकायला सांगा, पाणी तपासायला बरोबर घ्या. आपल्याला सांभाळता येईल तेवढाच जीव घरी आणायचा, हे त्यांना त्या महिन्यातच कळेल.