दुसऱ्या घराखालची जमीन

मी काशीगावातून बोलतेय, बचत गटांची सहयोगिनी. आजचा विषय आहे दुसरं घर. तुम्ही म्हणाल, ताई, इथे पहिल्या घराचे पत्रे बदलायचे राहिलेत, दुसरं घर कुठून काढलंत? सांगते.

आमच्या गटातली एक ताई मीरा रोडला घरकाम करते. तिथल्या बाईंचे नातेवाईक सायप्रस नावाच्या बेटावर सुट्टीसाठी घर बघत होते. बैठकीत तिने विचारलं, "ताई, ३ लाख युरो म्हणजे किती?" म्हटलं, साधारण ३ कोटी रुपये. सगळ्या हसल्या. एक आजी म्हणाल्या, "अगं, आपण तरी कुठे राहतो? बेटावरच की." खरंच आहे. वसईच्या खाडीअलीकडचं आपलं काशीगाव साष्टी बेटावरच आहे.

पण त्या सायप्रसची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. १९७४ साली तिथे तुर्कस्तानचं सैन्य आलं आणि बेटाचे दोन तुकडे झाले. उत्तरेकडची ग्रीक कुटुंबं घरदार टाकून दक्षिणेला पळाली. पुढे एका इंग्रज जोडप्याने उत्तरेतल्या लापिथोस गावी जमीन विकत घेतली. तिच्यावर बंगला बांधला, पोहायचा तलाव केला. २००३ मध्ये मधली वाट उघडली आणि जमिनीचा मूळ मालक, मेलेटिस अपोस्टोलिडेस, तिथे पोचला. तो कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं, बंगला पाडा आणि जमीन परत करा. २००९ साली युरोपच्या न्यायालयानेही त्याच्याच बाजूने कौल दिला. घर घेणाऱ्यांनी पैसे मोजले होते, पण ज्याने जमीन विकली त्याची ती नव्हतीच.

आता आपल्या किनाऱ्यावर या. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दापोली. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट बोटीने जाता येतं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. मुंबई जवळ आली, तशा 'सेकंड होम'च्या पाट्या गावोगाव लागल्या. आणि मुंबईकराचं दुसरं घर उभं राहतं ते कुणाच्या तरी माहेरच्या जमिनीवर.

माझंच सांगते. माझं माहेर तिकडेच, रायगड जिल्ह्यात. वडील गेल्यानंतर एक दिवस भावाचा फोन आला, "ताई, वारसनोंदीसाठी तुझी सही लागतेय, ये." मी गेले. आईने माझ्यासाठी घावणे केले होते. एजंट कागद घेऊन ओटीवर बसला होता. "इथे, इथे आणि इथे," म्हणाला. मी पेन हातात घेतलं. मी बीए झालेली, दर महिन्याला गटातल्या बायकांना सांगणारी की वाचल्याशिवाय अंगठासुद्धा उठवू नका. आणि माहेरच्या ओटीवर कागद वाचायला मला संकोच वाटला. भावाला काय वाटेल?

आईने विचारलं, "काय लिहिलंय गं त्यात?" तिला ऐकवायला म्हणून मी वाचायला लागले. वर लिहिलं होतं, हक्कसोडपत्र. आईचा आणि माझा, दोघींचा हक्क कायमचा सोडल्याचा कागद. भावाचा चेहरा उतरला. त्यानेही तो वाचला नव्हता, एजंटवर विश्वास टाकला होता.

मी सही केली नाही. दोन महिने भाऊ बोलला नाही. ते दोन महिने फार जड गेले, खोटं कशाला सांगू? मग तोच एकदा घरी आला. आम्ही तिघं तलाठ्याकडे गेलो, सातबाऱ्यावर तिघांची नावं लावली. वरची जमीन शेवटी विकली, पण धनादेश तीन निघाले. आईचे पैसे तिच्या खात्यात आहेत. राहतं घर आणि परसू आम्ही विकलं नाही. शेजारी आता बंगला आहे. वर्षातले थोडे दिवस तिथे दिवे लागतात, आईच्या घरी रोज लागतो.

मैत्रिणींनो, चार गोष्टी गाठीला बांधा.

पहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात तसा बदल झाला. तेव्हा वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री त्याने मोडत नाहीत.

दुसरी. वारसनोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळं. वारसनोंदीने नाव लागतं, हक्कसोडीने नाव जातं. हक्क सोडायचा तर खुशाल सोडा, तो तुमचा निर्णय. पण समजून सोडा, साडीचोळीच्या भरीला पडून नको.

तिसरी. कुणी घेणारी असेल, तर आधी सातबारा आणि फेरफार बघा. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचं नाव आहे का? जमीन वर्ग दोनची किंवा आदिवासीची तर नाही ना? तशी असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून 'बंगलो प्लॉट' म्हणून शेत विकणाऱ्याला जमीन बिनशेती झाल्याचा कागद मागा. आणि राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हे घरी आवर्जून सांगा.

चौथी. अडलात तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन नंबर १५१००.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा सातबारा आणायचा. आपलं नाव त्यात आहे की नाही, ते एकत्र बसून वाचू. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या. माझ्या आईने तेच केलं होतं.