पाणी आणि विद्युत्क्षेत्र : काय बदलते, काय बदलत नाही

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर आणि पेशाने सरकारी अधिकारी. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार केवळ एका जिज्ञासू वाचकाचा आहे, हे प्रारंभीच नमूद करतो. विषय मात्र प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातला आहे. ‘विद्युत्क्षेत्रातून नेलेले पाणी’ सांधेदुखीपासून मधुमेहापर्यंत सर्व व्याधींवर गुणकारी असते असे सांगून महागडी यंत्रे विकणारे लोक आज गावोगाव फिरत असतात. आप्तेष्टांपासून दूर राहणाऱ्या कुटुंबाला घरातील वडीलधाऱ्यांच्या दुखण्याची काळजी लागलेली असली, की अशा शब्दांवर विश्वास ठेवावासा वाटतो. म्हणूनच विद्युत्क्षेत्राने पाण्यात खरोखर काय बदलते आणि काय बदलत नाही, याचा आज शांतपणे विचार करू.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात, हे शाळेतले मूलही सांगेल. परंतु हे तीन अणू एका सरळ रेषेत नसतात. त्यांच्यात सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूस ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूस धन विद्युत्भार झुकतो. अशा रेणूस द्विध्रुव म्हणतात. या द्विध्रुवांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पीटर डिबाय यांना १९३६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन विद्युत्भारांमधील आकर्षण पाण्यात सुमारे ऐंशी पटींनी क्षीण होते, ते याच गुणामुळे. मीठ पाण्यात सहज विरघळते, त्यामागेही हे मोठे कारण आहे.

मिठाचेच उदाहरण थोडे पुढे नेऊ. मीठ विरघळल्यावर द्रावणाचे घनफळ हे मीठ आणि पाणी यांच्या घनफळांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. मिठाच्या विद्युत्भारित कणांभोवती पाण्याचे रेणू खेचले जाऊन दाटीने बसतात, हे याचे एक कारण होय. म्हणजे विद्युत्क्षेत्र पाण्याची घनता बदलू शकते, यात शंका नाही. पण ते क्षेत्र केवढे? कणाला अगदी लागून ते मीटरला हजार कोटी व्होल्टांहून अधिक असते. उलट, कोरडी हवा मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टांपाशीच हार मानते आणि ठिणगी पडते. तेव्हा कणाजवळचे ते सामर्थ्य घरगुती यंत्राने तांब्याभर पाण्यात निर्माण होणे अशक्यच.

मग सामान्य क्षेत्राने रेणू वळतच नाहीत काय? वळतात, पण नाममात्र. गणेशोत्सवात मंडपभर धावणाऱ्या मुलांना कोणी हळू आवाजात ‘रांगेत उभे राहा’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे. मुलांची धावपळ म्हणजे उष्णता आणि हळू आवाज म्हणजे विद्युत्क्षेत्र. सेंटिमीटरला १० हजार व्होल्ट इतके तीव्र क्षेत्र घेतले, तरी एकट्या रेणूला वळवणारी त्याची ऊर्जा उष्णतेच्या ऊर्जेच्या सहाशेव्या हिश्शाहूनही कमी भरते.

पाण्याच्या पृष्ठभागावर मात्र हेच क्षेत्र मोठी किमया करते. लॉर्ड रॅले यांनी १८७९ साली दाखवून दिले, की कारंज्याच्या विखुरणाऱ्या धारेजवळ घासलेली लाखेची कांडी नेली, की एरवी एकमेकांवर आपटून दूर उडणारे थेंब एकत्र मिळू लागतात. थेंबाने किती विद्युत्भार धारण केला असता तो फुटेल, याचे गणितही त्यांनी १८८२ मध्ये मांडले. मेघगर्जनेच्या ढगांत सेंटिमीटरला हजारो व्होल्टांचे क्षेत्र आढळते. तेथे थेंबांचे काय होते, हे पाहण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत उभ्या वातबोगद्यामध्ये थेंब अधांतरी तरंगत ठेवून प्रयोग झाले आहेत. ज्या वळवाच्या पावसाची आपणा सर्वांना इथे आठवण येते, त्याच्या थेंबांचा आकार ठरवण्यातही विजेचा असा हात असतो.

याच तत्त्वाचा उपयोग उद्योगात होतो. कच्च्या खनिज तेलात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब मिसळलेले असतात. तेलशुद्धीकरण कारखान्यांत हे मिश्रण तीव्र विद्युत्क्षेत्रातून नेतात. थेंब परस्परांकडे ओढले जातात, मोठे होतात आणि तळाशी बसतात. इथे पाण्याचा स्वभाव बदलत नाही. विखुरलेले पाणी एकत्र येते, इतकेच.

सर्वांत नेत्रदीपक प्रयोग विल्यम आर्मस्ट्राँग यांचा. १८९३ साली त्यांनी शुद्ध पाण्याने भरलेल्या दोन पेल्यांमध्ये उच्च दाबाची वीज लावून, पाण्याचा एक दोर क्षणभर हवेत अधांतरी धरून दाखवला. २००७ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकांनी सुमारे १५ हजार व्होल्ट वापरून असाच दोन-अडीच सेंटिमीटरचा पूल दीर्घकाळ टिकवला. पाहणारा थक्क होतो. पण वीज बंद करताच तो पूल कोसळतो, आणि उरते ते पाणीच.

माझ्या मते सगळ्या विवेचनाचे सार इथे आहे. पाणी विजेची आज्ञा मानते. मात्र आज्ञा देणारा गेला, की ती विसरते. हा विसर पडण्यास किती काळ लागतो? सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागास पिकोसेकंद म्हणतात. नेहमीच्या तापमानाला पाण्याच्या रेणूंची वळलेली दिशा आठ-दहा पिकोसेकंदांत विस्कटते. मायक्रोवेव्ह भट्टीत विद्युत्क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा आंदोलने घेते. त्यामागे फिरताना रेणूंची ओढाताण होते आणि पाणी तापते. भट्टी बंद केल्यावर मागे राहते ती केवळ ऊब, आणि तीही काही वेळाने निवते. मग सकाळी यंत्रातून काढून बाटलीत भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत ती ‘विशेष रचना’ कशी जपून ठेवणार?

एक भेद मात्र विसरता कामा नये. पाण्यातून विद्युत्प्रवाह नेऊन त्याचे विघटन करणे, किंवा विद्युत्क्षेत्राच्या साह्याने पडद्यांमधून क्षार वेगळे काढणे, या खऱ्या आणि उपयुक्त क्रिया आहेत. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने खारे पाणी गोडे करण्यासाठी या दुसऱ्या पद्धतीवर मोलाचे काम केले आहे. तेथे पाण्यातून काहीतरी निघून जाते आणि ते मोजता येते. म्हणून विक्रेत्यास नम्रपणे दोनच प्रश्न विचारावेत : पाण्यातून काय काढले? पाण्यात काय घातले? दोन्हींचे उत्तर ‘काही नाही, फक्त रचना बदलली’ असे आले, तर पैसे खिशातच ठेवावेत. आणि अशा पाण्याच्या भरवशावर वैद्यांनी दिलेले औषध तर कदापि थांबवू नये. पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतील. औषधावाचून गेलेले दिवस परत आणता येत नाहीत.

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, अशी आपली एक म्हण आहे. ती आपण रक्ताच्या नात्यांविषयी वापरतो. पण पाण्याविषयीही ती अक्षरशः खरी आहे. वीज ही त्यातल्या त्यात अदृश्य काठी, एवढेच. हे साधे सत्य घरी जाऊन मुलांना आणि वडीलधाऱ्यांना आपण सांगावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.