हाडं ठिसूळ होतात तेव्हा



“वय झालं की कंबर वाकायचीच,” असं आपण सहज म्हणतो. पण पाठीला आलेला बाक, कमी झालेली उंची, नुसतं घसरून मोडलेलं मनगट किंवा खुबा, या हाडं ठिसूळ झाल्याच्या खुणा असू शकतात. हा आजार आधी दुखत नाही. बहुतेकदा हाड मोडल्यावरच कळतो.

हाड आयुष्यभर झिजतं आणि भरूनही येतं. पाळी गेली की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी होतं. मग झीज जास्त, भर कमी. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीनं ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी केली. सुमारे 82 हजार जणींपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. ऊसतोडीला आपल्याकडच्या बायकाही जातात. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील, तर ही झीज ऐन पस्तिशीतही सुरू होते. म्हणून ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी दवाखान्याचं कार्ड दाखवून डॉक्टरांना विचारावं, “माझे अंडाशय ठेवलेत का?”

आता खाणं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधातून साधारण 240 मिळतं, चहातल्या घोटभर दुधातून नाही. ज्वारीच्या भाकरीत ते थोडंच असतं. म्हणून भाकरीसोबत तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, दही-ताक घ्या. अधूनमधून नाचणीची भाकरी करा. सगळ्यांना वाढून उरलं तर खाऊ, असं करू नका. अंगावर ऊन घ्या, रोज चाला. मिश्री सोडा, तंबाखूनं हाडं कमजोर होतात.

घरातली म्हातारी माणसं पडू नयेत, हेही तितकंच महत्त्वाचं. न्हाणी शेवाळू देऊ नका, उंबऱ्याजवळ दिवा ठेवा, रात्री उठताना हाताशी काठी असू द्या. पडल्यावर पाय टेकवत नसेल तर चोळू नका, ओढू नका. सरळ दवाखान्यात न्या. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. हाडांची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि मनानं बंद करू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक प्रश्न विचारा: वर्षभरात आपल्यातलं कोण पडलं, कोणाचं हाड मोडलं? जिचं नाव येईल, तिला एकटीला पाठवू नका. आशाताईंना सोबत घेऊन दवाखान्यात जा.