आधी आपल्या ताटात वाढा

स्वयंपाक करता करता ऐकत असाल, तर चुलीवर एक नजर असू द्या.

गटाच्या बैठकीत एकीने गाऱ्हाणं सांगितलं. पोरगं मेथी ताटाच्या कडेला सारतं आणि पाच रुपयांचा पुडा मागतं. आम्ही सगळ्या हसलो, घरोघरी तेच. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "त्याच्या बापाला तरी कधी पालेभाजी मागून घेताना पाहिलंय का त्यानं?" मग कुणी हसलं नाही. बापाला नको असते आणि आपण कढईत उरेल ते शेवटी खातो. लेकराला वाटतं, ही उरलीसुरली वस्तू आहे. त्यात वयात आलेल्या मुलींचं रक्त कमी, हंडा आणताना दम लागतो. तरी ताटातली भाजी तशीच!

आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणं जपलं म्हणून 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरातला नातू आजारी पडला, तेव्हा फवारणीच्या भाजीवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि त्या बियाणं जमवायला लागल्या, असं त्या सांगतात. म्हणजे हे सगळं एका लेकराच्या जेवणापायीच.

आम्हीही छोटंसं काही केलं. फुटक्या घमेल्यात माती भरून मूठभर मेथी मुलांच्याच हातांनी पेरली. पाणी भांडी विसळलेलं, राखेनं घासलेली असतील तरच, साबणाचं नको. चार-पाच दिवसांत कोंब वर आले की पोरं शाळेतून आल्या आल्या आधी घमेल्याकडे पळतात. महिन्याभरात भाजी काढायला येते. तिचा कच्चा घोळाणा करा: मेथी, कांदा, दाण्याचं कूट, मीठ, थोडं तेल. आपण पेरलेलं म्हणून पहिला घास तरी जातोच. आमच्याकडे एकाने दुसरा घेतला नाही, हेही सांगतो. त्याला भाकरीच्या पिठात मळून थालीपीठ दिलं.

हरभरा फुलावर येण्याआधी शेंडे खुडायला पोरांना शेतात न्या. आंबट लागतात म्हणून तिथंच खातात. फवारणी झाली असेल तर मात्र हात लावू देऊ नका.

भाजी आधी धुवा, मग चिरा. शिजवलेलं पाणी फेकू नका. वर लिंबू पिळा, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभराने.

आणि आज रात्री मेथी केली असेल, तर पोरांबरोबर बसा, पहिली वाढ आपल्या ताटात घ्या. घरधन्यालाही वाढा, नको म्हणाला तरी.