परिचारिका : सेवेचा गौरव नव्हे, निर्णयातील वाटा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या अर्थकारणावर मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या विषयाचा आरंभ सामान्यतः तरतुदींच्या आकड्यांपासून करतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारचा आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठले गेले नाही, हे आपण सारे जाणतो. ते दुःख मी आज उगाळत बसणार नाही. पैसा अपुरा आहे हे खरेच. परंतु जो आहे तो कोणासाठी आणि कशावर खर्च व्हावा, हे ठरवणाऱ्यांच्या बैठकीत कोण बसते, हा प्रश्न समाजवादी म्हणवणाऱ्या आपणही क्वचितच विचारला आहे. तेथे डॉक्टर असतात, सनदी अधिकारी असतात, अलीकडे विमा कंपन्यांची आणि सल्लागार संस्थांची माणसेही असतात. परिचारिका बहुधा नसते. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे, की आरोग्यातील विषमता जिला सर्वांत आधी दिसते, तिचा शब्द धोरणापर्यंत सर्वांत शेवटी पोचतो किंवा पोचतच नाही. आणि ही रचना बदलल्यावाचून ‘आरोग्यातील समता’ हे शब्द आपल्या जाहीरनाम्यात शोभेपुरतेच राहतील.

दरवर्षी १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी इस्पितळांत समारंभ होतात. मेणबत्त्या लावल्या जातात, गुलाबाची फुले दिली जातात आणि सेवा, त्याग, ममता या गुणांवर भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी त्याच परिचारिकेला एकटीने सबंध वॉर्ड सांभाळावा लागतो. वस्तुतः नाइटिंगेलबाईंचे सर्वांत मोठे शस्त्र दिवा नव्हता. ते संख्याशास्त्र होते. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये ब्रिटिश सरकारने राजकीय आयोग नेमला. त्याच्या १८६३ च्या अहवालामागे या बाईंचे परिश्रम होते. गोऱ्या सैनिकांत हजारी ६९ मृत्यू होत होते आणि त्यांतील बहुसंख्य लढाईत नव्हे, घाण पाणी आणि कोंदट बराकी यांमुळे होत होते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. आरंभी त्यांची दृष्टी साम्राज्याच्या फौजेपुरती होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रोगाचे मूळ शोधता शोधता त्या कालवे, दुष्काळ आणि कुळांची हलाखी येथवर येऊन पोचल्या. हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकलेल्या या बाईंचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता. शुश्रूषेचा विचार प्रामाणिकपणे केला, की तो जमिनीच्या आणि सत्तेच्या प्रश्नाशी येऊन भिडतो, हा त्यातील धडा आहे. आपल्याकडे सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना मृत्यू पावल्या. त्या शिकलेल्या परिचारिका नव्हत्या. परंतु सेवा आणि समता या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. आपण मात्र त्या वेगळ्या केल्या. सेवा परिचारिकेकडे ठेवली आणि समतेचा विचार तज्ज्ञांकडे सोपवला.

हे कसे घडले, ते थोडे इतिहासात जाऊन पाहिले पाहिजे. १९४६ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल सादर केला. कामगार पुढारी ना. म. जोशी हे या समितीचे एक सदस्य होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांस मुकू नये, हे तत्त्व समितीने निःसंदिग्धपणे मांडले. त्या वेळी देशात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. समितीने ४०,००० लोकवस्तीसाठी जे प्राथमिक केंद्र सुचवले, त्यात दोन डॉक्टर होते. परंतु त्यांच्या जोडीला चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि चार प्रसाविका होत्या. याचा अर्थ असा, की खेड्यातील आरोग्यसेवेचा कणा परिचारिका असावी, डॉक्टर नव्हे, ही कल्पना स्वातंत्र्यापूर्वीच आपल्यापुढे होती. आपण इमारती उभारल्या, वैद्यकीय महाविद्यालये काढली. हा कणा मात्र दुबळाच ठेवला.

पुढे १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेला बहुउद्देशीय आरोग्यसेविका करण्याची शिफारस केली. हेतू वाईट नव्हता. एकाच घरी पाच खात्यांची पाच माणसे जाण्याऐवजी एकाच कार्यकर्तीने सर्व कामे पाहावीत, हा विचार समंजस होता. परंतु उद्देश अनेक झाले, अधिकार एकही वाढला नाही. तिचे दोन वर्षांचे शिक्षण दीड वर्षावर आणले गेले आणि बाळंतपणातील तिचे कौशल्य मागे पडून नोंदवह्या व उद्दिष्टे पुढे आली. आणीबाणीच्या काळात या रचनेचे खरे रूप उघडे पडले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांप्रमाणेच आरोग्यसेविकांच्या माथीही माणसे गोळा करण्याचा आकडा मारला गेला. ज्या बाईवर गावातील बायका विश्वास टाकीत होत्या, तिलाच सरकारने आपल्या दंडशक्तीचे हत्यार केले. उद्दिष्टांची ही पद्धत १९९६ मध्ये कागदोपत्री संपली. परंतु तोवरच्या दोन दशकांत या बाईला कोणी विचारले होते काय, की बाई, हे धोरण गावात गेल्यावर त्याचे काय होते?

येथे मी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका उपकेंद्रात जाण्याचा योग आला. उपकेंद्र म्हणजे मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीचा आरोग्याचा पहिला उंबरठा. तेथील आरोग्यसेविका बाईंनी मला लसीकरणाची नोंदवही दाखवली. पानेच्या पाने ‘गैरहजर’ अशा शेऱ्यांनी भरली होती. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, ही मुले गैरहजर नाहीत. ती उसाच्या फडावर आहेत. कोणत्या मुकादमाबरोबर कोणती टोळी कोणत्या कारखान्याला गेली, हे मला ठाऊक आहे. पण वहीत त्याचा रकानाच नाही.” मी विचारले, “हे आपण वरिष्ठांच्या कानावर घातलेत का?” त्यावर त्या किंचित हसल्या. “मासिक सभेत आम्ही आकडे वाचून दाखवतो, सर. तिथे बोलायचे नसते.”

साथींनो, माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार या दोन वाक्यांत आहे. ऊसतोडीला गेलेल्या मुलांची यादी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्याला पाठवण्यास किती खर्च येतो? जवळजवळ काहीच नाही. ज्ञान होते, इच्छा होती, खर्चही नव्हता. नव्हता तो बोलण्याचा अधिकार. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. त्याची चौकशी करण्यास शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे सारे वृत्तपत्रांत येण्याच्या कितीतरी आधी गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या आणि आशाताईंच्या कानांवर आले नसेल, असे मला वाटत नाही. परंतु त्यांच्या ऐकण्यापासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत जाणारी वाटच आपण बांधलेली नाही. परिचारिकांचे नेतृत्व याचा माझ्या लेखी अर्थ ही वाट बांधणे, असा आहे. एखाद्या अधिसेविकेला मोठी खुर्ची आणि मोटार देणे असा नाही.

आता ही वाट कशाने बंद होते ते पाहू. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कारण म्हणजे नोकरीची अशाश्वतता. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून कंत्राटी नेमणुका ही जणू रीत होऊन बसली. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे करण्यात आली. तेथे नेमलेले समुदाय आरोग्य अधिकारीही प्रामुख्याने कंत्राटी आणि त्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामाच्या आकड्यांवर अवलंबून. कंत्राटी नेमणुकीने सरकारचे पैसे वाचतात, असे सांगितले जाते. परंतु ज्या बाईचा करार अकरा महिन्यांनी संपणार आहे आणि जिचा मोबदला अहवालातील आकड्यांवर ठरणार आहे, ती अप्रिय सत्य वर कळवील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? कंत्राटी पद्धतीत सरकार केवळ श्रम स्वस्तात विकत घेत नाही. त्या श्रमांबरोबर मौनही विकत घेते. मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिकांनी बाह्य यंत्रणेमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा त्याकडे पगारवाढीचे भांडण म्हणून पाहिले गेले. तो रुग्णांच्याही हिताचा लढा आहे, हे लोकांना समजावून सांगण्यात आपण कमी पडलो, ही कबुली आपण दिली पाहिजे.

दुसरे कारण प्रतिनिधित्वाचे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यात राज्य परिषदांनी निवडून दिलेल्या परिचारिकांना स्थान होते. संसदेने २०२३ मध्ये त्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा मंजूर केला. जुन्या परिषदांत दोष होते, हे मान्य. परंतु नव्या रचनेत निवडणुकीचे तत्त्व मागे सरून सरकारी नेमणुकीचे तत्त्व पुढे आले आहे. ज्याची नेमणूक सरकार करते तो सरकारला सल्ला देईल, जाब विचारील काय, याची शंका घेणे लोकशाहीवाद्याचे कर्तव्य आहे. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली १९८७ मध्ये नेमलेल्या उच्चाधिकार समितीने परिचारिकांच्या कामाच्या परिस्थितीचा आणि प्रशासनातील त्यांच्या स्थानाचा सखोल विचार केला होता. त्यालाही आता साडेतीन दशके उलटून गेली आहेत.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा, की परिचारिकेचे शिक्षण मर्यादित, तिला धोरणातले काय कळणार? तामिळनाडूने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रत्येकी तीन परिचारिका नेमून ती केंद्रे चोवीस तास उघडी ठेवली. रात्री दोन वाजता वेणा सुरू झालेल्या गरीब बाईच्या दृष्टीने आरोग्य धोरण म्हणजे दार उघडणारी ती परिचारिकाच. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या प्रयोगात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले आणि पुढे ती पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली. तो शब्द दिल्लीपर्यंत नेण्यास मात्र दोन निष्ठावंत डॉक्टर लागले. जेथे असे डॉक्टर नाहीत, तेथील स्त्रियांनी काय करावे?

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो आणि तो अधिक गंभीर आहे. परिचारिकांचे नेतृत्व पुढे आले तर तीही एक नवी मक्तेदारी होणार नाही काय? होऊ शकेल. परिचर्येच्या क्षेत्रातही उतरंड आहे. पदवीधर वर, पदविकाधारक खाली, उपकेंद्रातील आरोग्यसेविका त्याहून खाली आणि आशाताई तर उंबऱ्याबाहेरच. आणि या उतरंडीत आपल्या समाजातील जातीची उतरंडही डोकावते. शहरातील पदवीधर परिचारिका समितीवर गेली आणि खेड्यातील आरोग्यसेविका सभागृहाच्या दाराशीच उभी राहिली, तर आपण काही मिळवले असे मी म्हणणार नाही. म्हणूनच नेतृत्वाचा प्रश्न खालून वर जाणाऱ्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न म्हणून मांडला पाहिजे.

तेव्हा पक्षाच्या कार्यक्रमात चार मागण्या असाव्यात, अशी माझी सूचना आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत आरोग्यसेविका, परिचारिका आणि आशा यांनी स्वतः निवडलेल्या प्रतिनिधींना बोलण्याचा हक्क असावा. परिचर्येच्या प्रशासनाचे अधिकार परिचर्येतूनच आलेल्या अधिकाऱ्याकडे, जिल्ह्यापासून राज्यापर्यंत, स्वतंत्रपणे असावेत. कायम स्वरूपाच्या कामासाठी कंत्राटी नेमणूक बंद व्हावी. आणि प्रत्येक जिल्ह्यातील परिचारिकांनी आपल्या भागात कोण उपचारांपासून वंचित राहिले आणि का, याचा अहवाल दरवर्षी स्वतःच्या शब्दांत लोकांपुढे ठेवावा. त्याबद्दल कोणावरही कारवाई होऊ नये.

या मागण्या ठरावात घालून आपले काम संपत नाही. आपणांपैकी प्रत्येकाने पुढील महिन्याभरात आपल्या तालुक्यातील एका तरी उपकेंद्रात जावे. तेथील बाईंना मदतीचे आश्वासन देऊ नये, त्यांचा सत्कारही करू नये. एवढेच विचारावे, की बाई, आपल्याला ठाऊक आहे परंतु वहीत रकाना नाही, असे काय आहे? त्या जे सांगतील ते लिहून आणावे. पक्षाचे आरोग्यविषयक धोरण तेथून लिहावयास घेऊ. माझे भाषण येथे संपते.